आप्पांच्या गिरणीचं बिल आणि माझी साडेपाच लाखांची एमए

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतोच. गावाकडची, नात्यातली, नाहीतर ओळखीच्या ओळखीची मुलगी. "ताई, तुम्ही ते ऊर्जा धोरणाचं एमए केलंत ना? कसं आहे? घेऊ का?" दुसरा प्रश्न ठरलेला, नोकरी लागते का. तिसरा प्रश्न तिच्या मागे उभ्या असलेल्या वडिलांचा, तोही मला ऐकू येतो: "फी किती म्हणं?"

तेच तेच सांगून घसा सुकला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. विद्यापीठाचं नाव देणार नाही. खाजगी आहे, पुण्याच्या जरा बाहेर आहे, एवढं पुरे. मी जी कुरकुर करणार आहे ती थोड्याफार फरकाने अशा बऱ्याच अभ्यासक्रमांना लागू पडेल. एकट्याचं नाव घेऊन उगाच त्यांच्यावर का राग काढा?

अभ्यासक्रमाचं नाव 'ऊर्जा आणि शाश्वतता धोरण'. एमए, दोन वर्षं, चार सत्रं. मी २०२३ ते २०२५ या बॅचची. आम्ही ३१ जण होतो. फी दोन वर्षांची मिळून ५ लाख ४० हजार, हॉस्टेल आणि मेस वेगळी. मी सोलापुरातून इलेक्ट्रिकलची बी.ई. केलेली, मग भोसरीत एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काढलेली. कर्ज काढून गेले. मोहोळजवळच्या गावात आमच्या आप्पांची पिठाची गिरणी आहे, दहा हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालणारी. गिरणीचा उल्लेख आत्ताच करून ठेवते, कारण पुढे तीच येत राहणार आहे.

पहिलं सत्र पटकन सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. हवामान विज्ञानाची ओळख, अर्थशास्त्राची ओळख, संशोधन पद्धतीची ओळख. नुसत्या ओळखी. पॅरिस करार २०१५चा, ग्लासगोत २०२१ साली भारताने जाहीर केलेलं २०७०चं निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट, २०२२ साली सुधारून दिलेले आकडे. ज्यांनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलाय त्यांना यात नवीन काही नाही. आमच्यात असे पाच-सहा जण होते, ते मागच्या बाकावर निवांत असायचे. वाचायला दिलेलं जवळजवळ सगळं युरोपातलं. जर्मनीने अणुभट्ट्या कशा बंद केल्या यावर तीन आठवडे गेले. ब्रिटनमध्ये थंडीत घर गरम ठेवायला ज्यांना परवडत नाही त्यांची 'इंधन गरिबी' कशी मोजतात यावर एक आठवडा. आमच्या गल्लीत उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात उभा आणि शेजारी तुराट्यांवर चूल पेटलेली, त्याला काय म्हणायचं, हे विचारलं तर उत्तर आलं की दुसऱ्या सत्रात घेऊ. घेतलं, नाही असं नाही. एका तासात.

त्या सहा महिन्यांत मी दोनदा नोकरीवर परत जायचा विचार केला. वर्कशॉपच्या मालकांना फोनही केला होता. ते म्हणाले, "ये की, तुझी खुर्ची तशीच आहे." खुर्ची तशीच नव्हती, हे मला माहीत होतं. पण बरं वाटलं.

मग दुसऱ्या सत्रात मंगळवारचे सर आले.

सर पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत. पीएचडी नाही. उभं आयुष्य कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात शिफ्ट केलेले निवृत्त अभियंते. भार प्रेषण केंद्र म्हणजे राज्यात त्या क्षणाला किती वीज लागतेय आणि कुठल्या केंद्राने किती द्यायची, हे सांभाळणारी जागा. सरांच्या मोबाइलवर ग्रीडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याची, वारंवारिता कायम उघडी. वर्गात आले की फोन टेबलावर डस्टरला टेकवून उभा करायचे आणि शिकवता शिकवता मधूनच नजर टाकायचे, घरात दूध उतू जाईल म्हणून आई बघते तशी. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा ठरलेला पट्टा. आकडा खाली गेला की म्हणायचे, "मागणी वाढली, कुणीतरी मागे पडलंय." निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी ही सवय गेलेली नाही.

त्यांचा एक तास मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका वीजकेंद्राचं नाव आणि एका युनिटचा बदलता खर्च, म्हणजे प्रामुख्याने इंधनाचा. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी, उरण, तारापूर, साताऱ्याच्या पवनचक्क्या, साक्रीचं सौर. मला कोयना आलं. बाकीच्यांचे चेहरे पडले, कारण कोयना म्हणजे १९६० मेगावॉटच्या आसपासचं धूड आणि इंधनाचा खर्च नाही. सरांनी माझ्या हातावर दहा शेंगदाणे ठेवले. "हे तुझं आजचं पाणी. जपून."

मग सर दिवसाचे तास पुकारू लागले आणि आम्ही वीज द्यायची. नियम साधा: स्वस्त आधी, महाग शेवटी. सौर आणि वारा यांना थांबवायचं नाही, येईल ती घ्यायची. तारापूर अणुकेंद्र, त्यालाही फारसा हात लावायचा नाही. चंद्रपूरवाला खुशीत होता, खाण शेजारी, खर्च कमी. परळीवाल्या मुलीला कुणी बोलवेचना, तिचा कोळसा लांबून रेल्वेने येतो, भाड्यानेच महाग होतो. ती वैतागून म्हणाली, "मग मी बंद करते." सर म्हणाले, "कर की. पण चूल विझवली तर परत पेटवायला किती वेळ लागेल सांग. औष्णिक केंद्राचं बॉयलर म्हणजे लग्नघरातली चूल. नवरदेव दारात आल्यावर पेटवून चालत नाही."

सकाळी सहापासून मागणी चढायला लागली. गीझर, मोटारी. माझ्याकडे फुकटची वीज, मी देत सुटले. नऊपर्यंत सहा शेंगदाणे संपले. दुपारी साक्री जोरात होतं, तरी कुणीतरी मागितलं म्हणून मी आणखी एक दिला. शेजारच्या मुलाने दोन खाल्ले, खरोखरचे. संध्याकाळचे सात वाजले, वर्गातले, घड्याळातले नव्हे. सर म्हणाले, "सूर्य मावळला. साक्री शून्य. घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर. चंद्रपूर आधीच पूर्ण ताकदीने चालू. परळीने चूल विझवलीय. कोयना?" माझ्या तळहातावर एक शेंगदाणा.

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: भारनियमन. आणि खाली माझं नाव.

सगळे हसले. मीही हसले, पण मला आठवत होती ती शाळेतली वर्षं, जेव्हा आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची आणि गिरणीच्या ओट्यावर ज्वारीचे डबे रांगेने ठेवलेले असायचे. डब्यांवर नावं नसायची, पण कुठला डबा कुणाचा हे आप्पांना पाठ. लाइट रात्री अकराला आली तर अकराला दळण. मला तोवर वाटायचं, वरून कुणीतरी आमच्या गावावर राग काढतंय. प्रत्यक्षात कुठल्यातरी खोलीत कुणाच्या तरी हातात एकच शेंगदाणा उरलेला असायचा.

कोयनेचं पाणी असं जपावं का लागतं, हे सरांनी मग सांगितलं. कोयना पूर्वेला वाहणाऱ्या कृष्णेची उपनदी. वीज करायची तर तिचं पाणी पश्चिमेला सह्याद्रीखाली सोडावं लागतं, आणि एकदा तिकडे गेलं की ते कृष्णा खोऱ्याला मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. वर्ष मोजायचं १ जूनपासून. विजेचा हिशोब, शेतीचा हिशोब आणि शेजारच्या राज्यांचा हिशोब, सगळे एकाच धरणात. 'बहुक्षेत्रीय प्रशासन' नावाच्या पेपरात मला जे चौदा तासांत कळलं नव्हतं ते इथे पंधरा मिनिटांत कळलं. पुढच्या महिन्यात आम्हाला कोयनेला नेलं. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरलो तेव्हा तिथल्या अभियंत्याने सांगितलं की मशीन काही मिनिटांत भार उचलतं. मी परळीवालीकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं.

या एका पेपरसाठी पाचपैकी पाच. आता हेही सांगते की सर कंत्राटी आहेत, तासावर पैसे. पुढच्या वर्षी असतील की नाही, याची खात्री त्यांना स्वतःलाच नसते. माहितीपत्रकावर त्यांचा फोटो नाही. त्यावर सूट घातलेले, विमानतळावर लॅपटॉप उघडून बसलेले कुणीतरी आहेत, त्यांना आम्ही दोन वर्षांत एकदा पडद्यावर पाहिलं.

सरांनी दिलेलं दुसरं काम: घरचं लाइट बिल घेऊन या. बहुतेकांनी फ्लॅटचं आणलं. मी आप्पांना गिरणीच्या बिलाचा फोटो पाठवायला सांगितला. त्यांनी पिठाचा अंगठा उमटलेला फोटो पाठवला, एक आकडा त्या अंगठ्याखालीच गेला होता. सर त्या बिलावर पूर्ण तास थांबले.

स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. मग शुल्क आणि कर. लहानपणापासून मी हे शब्द बघत आले होते, देवळातल्या शिलालेखासारखे. वाचायचे असतात हे माहीत नव्हतं. वहन आकार म्हणजे तारांचं आणि रोहित्रांचं भाडं, वीज कुणाकडूनही घ्या, रस्ता वापरल्याचे पैसे. इंधन समायोजन म्हणजे दर ठरवताना कोळशाचा, खरेदीचा जो अंदाज धरला होता तो चुकला की त्याची नंतरची वसुली. आणि स्थिर आकार. आप्पा दरवर्षी एकदा तरी यावरून भडकतात. गिरणीच्या दगडांना टाकी लावायला माणूस मिळाला नाही म्हणून पंधरा-पंधरा दिवस गिरणी बंद राहते, तरी बिल येतं. "दळलंच न्हाई तर पैसं कशाचं?"

सर म्हणाले, "तुझ्या वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. आता हाच प्रश्न दाभोळला विचार."

आणि तिथून एन्रॉन सुरू झालं, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. जून १९९२मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर १९९३मध्ये वीजखरेदी करार, १९९५ला सरकार बदलल्यावर रद्द, मग फेरवाटाघाटी, १९९९ला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू, २००१मध्ये बंद. नावाला दाभोळ, पण प्रकल्प खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला. (आमच्या वर्गातली गुहागरची मुलगी हे दर वेळी दुरुस्त करायची आणि ते योग्यच होतं.) मुद्दा असा, की त्या करारात वीज घेतली नाही तरी केंद्र तयार ठेवल्याचे पैसे मोजायचे होते, तेही डॉलरशी बांधलेले. वीज महाग, म्हणून स्वस्त-आधीच्या रांगेत ती शेवटी. मग घेतली जात नाही. पण स्थिर आकार चुकत नाही. जागतिक बँकेने १९९३मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. पुण्यातल्या 'प्रयास'च्या ऊर्जा गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कराराचे आकडे सोडवून लोकांसमोर मांडले. आम्ही ते कागद वर्गात काढून बसलो. तीस वर्षांपूर्वीच्या माणसांनी तेव्हाच्या संगणकावर केलेली आकडेमोड आम्हाला नव्या लॅपटॉपवर जमवायला दोन आठवडे लागले. मला मात्र सगळा एन्रॉन आप्पांच्या बिलावरच्या एका ओळीत दिसत होता. बंद गिरणीचा स्थिर आकार, फक्त पुढे शून्यं जास्त.

घरी फोन केला तेव्हा आप्पांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपला कमी व्हणार का?" म्हटलं नाही. "मग बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दुसरी गंमत याच बिलावर. गिरणीचा दर औद्योगिक, एलटी-५-ब. शेजारच्या किराणा दुकानाचा वाणिज्यिक, जो चढा. भिंत एक, खांब एक. का? सर म्हणाले, आदेश उघड. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा दरनिश्चितीचा आदेश शेकडो पानांचा असतो आणि कुणीही वाचू शकतं. शेवटाकडे दरपत्रक असतं, त्यात प्रत्येक वर्गात कोण बसतं त्याची यादी. पीठगिरणी, भातगिरणी, डाळमिल, पोहेगिरणी, मसाला कांडप, सगळे उद्योगात. यंत्रमाग तर स्वतंत्र उपवर्गात. ती यादी मी वाचनालयात बसून बोट लावून वाचली. एखादा शब्द कुठल्या यादीत घालायचा हे कुणीतरी मांडलं असेल, कुणीतरी भांडलं असेल, आणि त्या एका शब्दावर आमचं घर चाललं. पॅनेलच्या वर्कशॉपमध्ये मी तीन वर्षं विजेच्या तारा जोडत होते. वीज कशी वाहते ते मला माहीत होतं. ती कुठल्या दराने वाहते हे कोण ठरवतं, हे पहिल्यांदा कळलं.

आता तक्रारी, त्याही सविस्तर, कारण पैसे मी भरलेत.

ऊर्जा प्रतिमानांचा पेपर, म्हणजे संगणकावर २०५०पर्यंतचा वीजपुरवठा मांडून बघायचा, हा माहितीपत्रकातला सगळ्यात चमकदार भाग. ३१ विद्यार्थी, सॉफ्टवेअरचे परवाने आठ. पाळ्या लावल्या. माझी पाळी रात्री दहा ते बारा. शेतीच्या फीडरसारखंच, आम्हाला वीज मिळायची ती रात्रीची. शेवटी आमच्यातल्या एका आसामच्या मुलाने फुकट मिळणारं, खुल्या स्रोताचं दुसरं साधन शोधून काढलं आणि सगळ्यांना शिकवलं. गुण त्याला वेगळे मिळाले नाहीत.

'शाश्वतता नेतृत्व शिबिर' नावाचा प्रकार. तीन दिवस धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर. एसी इतका की दुपारी बारा वाजता मी स्वेटर घातला होता. बांबूचे टूथब्रश वाटले, प्लास्टिकच्या पाकिटातून. त्याचे पैसे फीमध्ये होते.

कॅम्पसच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत, पाहुण्यांना हमखास दाखवतात. आम्ही एका प्रकल्पासाठी त्यांची महिन्याची निर्मिती मागितली. तीन अर्ज केले. शेवटी स्वतःच वर चढून बघितलं, तर धुळीचा थर असा की बोटाने नाव लिहावं. एकाने लिहिलंही.

आणि भाषा. सगळं इंग्रजीत, याला माझी हरकत नाही, देशभरातली मुलं होती. हरकत अशी की 'व्हीलिंग चार्जेस'वर निबंध लिहिणाऱ्या, पुण्यातच वाढलेल्या मुलांना वहन आकार हा शब्द माहीत नव्हता. ज्या कागदाचं धोरण आपण शिकतोय तो कागद मराठीत छापून घराघरांत जातो, आणि तो वाचता न येणारे त्यावर सल्ला देणार. सरांना हे बोलले. ते म्हणाले, "जनसुनावणीला घेऊन जाऊ."

नेलं. चौथ्या सत्रात, पुण्यातल्याच एका सरकारी सभागृहात. वीज कायदा २००३च्या कलम ६४ खाली दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात, हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते कलम म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि कापडी पिशवीत बिलं घेऊन आलेली माणसं. उद्योजकांच्या संघटनांचे प्रतिनिधी छापील मुद्दे घेऊन आलेले, त्यांचं सगळं पक्कं. मग एक शेतकरी उठले, साठीचे असतील. त्यांच्या पंपाला मीटर नाही, हॉर्सपॉवरवर आकारणी. पंप पाचचा आणि कागदावर साडेसात. "साहेब, अडीच हॉर्सपॉवरचं पाणी मला कधी दिसलंच नाही," म्हणाले. सभागृहात हशा. मी शेजारच्या आसामच्या मित्राला कानात भाषांतर करून सांगत होते. त्याने विचारलं, मग मोफत वीज आहे ना आता? आहे. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना २०२४पासून महाराष्ट्रात मोफत वीज योजना आहे. पण कलम ६५ सांगतं की सरकारला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे सरकारने आगाऊ मोजावेत. आणि पैसे मोजायचे तर वीज किती गेली ते माहीत हवं. मीटर नसेल तर पंपांनी किती ओढली आणि वाटेत किती गळाली हे कसं सांगणार? दोन्ही एकाच खात्यात. त्या माणसाचे अडीच हॉर्सपॉवर म्हणजे एका बिलाची चूक आहेच, पण असे लाखो पंप जमवले की राज्याचा हिशोबच हलतो. मित्राने हे सगळं वहीत लिहून घेतलं. परत येताना बसमध्ये म्हणाला, मला मराठी शिकव. शिकवलं थोडं. आता तो "काय विषय?" एवढं झकास म्हणतो.

प्रबंधाचा विषय मी गिरण्याच घेतला. मार्गदर्शक बाईंना आधी पटेना, विषय लहान वाटतो म्हणाल्या. पण नंतर त्यांनीच दोनदा मसुदा बारकाईने वाचला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. केंद्राने जून २०२३मध्ये नियम बदलले: सूर्य असतानाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी, मागणी चढते तेव्हा जास्त. दहा किलोवॉटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२४पासून, शेती सोडून बाकीच्यांना स्मार्ट मीटर बसला की एप्रिल २०२५पासून. आप्पांची मोटर दहा हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॉट. पहिल्या फेरीत हुकले, दुसरीत येणार. माझं गणित सुंदर जमलं होतं. दुपारी सौर वीज उतू जातेय, गिरण्यांनी दुपारी दळावं, ग्राहकाचा फायदा, ग्रीडचाही फायदा. आलेख काढला, रंग भरले. मोहोळ तालुक्यातल्या अकरा गिरणीवाल्यांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्या आणि पहिली घरीच घेतली.

आप्पा पट्ट्याला मेण लावत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुपारी दळ म्हणतीस. पर दुपारी बाया रानात असत्यात. डबं येत्यात सांजच्याला."

म्हटलं, सकाळी डबा ठेवून जायचा, संध्याकाळी न्यायचा.

"आन् डब्यात कुणाचं पीठ आलं ह्याची खात्री? बाई समोर उभी राहून दळून नेती. तिची ज्वारी तिच्याच डब्यात पडती का बघती. ती काय यडी हाय व्हय?"

अकरापैकी आठ जणांनी याच अर्थाचं सांगितलं. तिघांनी दुपारी दळायची तयारी दाखवली, तिघेही मिरची-मसाल्याचं कांडप करणारे, ज्यांच्याकडे माल ठेवून जायची पद्धत आहे. माझा सगळा प्रबंध या फरकावर उभा राहिला. दुपारच्या स्वस्त विजेला विश्वासाचा प्रश्न आडवा येतो, हे कुठल्याच प्रतिमानात नव्हतं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी फक्त यावरच प्रश्न विचारले.

आता नोकरी. माहितीपत्रकावर पंचवीस-तीस कंपन्यांची बोधचिन्हं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकदा पाहुणे म्हणून व्याख्यान दिलेलं असतं, तेवढंच नातं. आमच्या बॅचचे निम्मे लोक कंपन्यांचे शाश्वतता अहवाल लिहितात. सेबीने आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून तसा अहवाल बंधनकारक केला, त्यावर हा रोजगार उभा आहे. काम म्हणजे एक्सेलचे तक्ते भरणं आणि कारखान्यातल्या माणसाला डिझेलच्या पावत्यांसाठी दहा फोन करणं. कंटाळवाणं आहे पण पगार येतो. चौघं संशोधन संस्थांत, दोघं परदेशी पीएचडीला, आसामचा मित्र त्याच्या राज्यात सौर पंपांवर. मी पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार फर्ममध्ये, उद्योगांच्या बाजूने आयोगापुढच्या याचिकांची आकडेमोड करते. सुरुवातीचा पगार ४८ हजार. भोसरीत सोडला तेव्हा ३१ होता. त्यातून हप्ता वजा करा, म्हणजे फोनच्या पलीकडे उभ्या असलेल्या वडिलांना उत्तर मिळेल.

तारे द्यायचे तर तीन. आणि इथे विजेच्या उपकरणांना तारे देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचीच पद्धत लावते: एसीचे, फ्रिजचे निकष काही वर्षांनी कडक होतात आणि कालचं पाच तारे असलेलं मॉडेल नव्या तक्त्यात तीन-चारवर येतं. मंगळवारचे सर गेले तर या अभ्यासक्रमाचे दोन समजा.

कुणी घ्यावा? अभियांत्रिकी केलेल्यांनी, ज्यांना वीज कळते पण तिचा हिशोब कळत नाही त्यांनी. कायदा केलेल्यांनी नक्की, आमच्या बॅचमधल्या वकील मुलीला सगळ्यात आधी नोकरी लागली. नुसतं पर्यावरणावर प्रेम आहे म्हणून येणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. पहिल्या महिन्यात झाडं लावायला मिळतील असं वाटतं आणि तिसऱ्या महिन्यात क्रॉस सबसिडीचा, म्हणजे एका ग्राहकाकडून जास्त घेऊन दुसऱ्याला स्वस्त देण्याचा, तक्ता समोर येतो. आमच्यातली एक सोडून गेली, आता चांगली शाळेत शिकवतेय.

एक परीक्षा घरी करून बघा. २०२५च्या जुलैत बातमी आली की देशाची निम्मी स्थापित वीजक्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) झाली, २०३०चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाळ्या सुरू झाल्या. सर त्या ग्रुपवर आहेत, एरवी साधं सुप्रभातही पाठवत नाहीत. त्यांनी एकच ओळ टाकली: "क्षमता की निर्मिती?" २०२४-२५मध्ये देशात तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाचीच होती. दोन्ही आकडे खरे. ते दोन्ही एकाच वेळी कसे खरे, हे शोधायला तुम्हाला रात्री जागावंसं वाटलं तर अर्ज भरा.

मुलाखतीला जाताना घरची बारा महिन्यांची लाइट बिलं घेऊन जा. कुणी मागत नाही, पण बोलायला काहीतरी खरं हातात राहतं. आणि फी भरण्याआधी एक वर्ग बसून बघू द्या म्हणून सांगा, परवानगी देतात. मंगळवार मागा, दुपारी दोनचा. दोनच्या आधी पोहोचा, सर दोन वाजून पाच मिनिटांनी दाराला आतून कडी लावतात. शेंगदाणे मिळाले तर खाऊ नका.